टाकीची मागची भिंत हिरवी करताना : हायग्रोची लावणी, छाटणी आणि पानांवरची लक्षणं

माशांची नवी टाकी मांडली की बहुतेकांचं मन जमिनीवर पसरणाऱ्या वनस्पतींच्या नाजूक गालिच्यावर जडतं. तो गालिचा मूळ धरेपर्यंत टाकीत शेवाळ माजतं आणि हौस तिथेच आटते. सुरुवात मागच्या भिंतीपासून करा, आणि तिथे झपाट्याने वाढणारी, उभ्या खोडाची वनस्पती लावा. यासाठी हायग्रोफिला पॉलिस्पर्माइतकी भरवशाची वनस्पती दुसरी नाही. दुकानात ती 'हायग्रो' किंवा 'ग्रीन हायग्रो' या नावाने मिळते.

ही मूळची भारतीय उपखंडातली. ओढ्याकाठी, दलदलीत, भातखाचरांच्या कडेला अर्धी पाण्यात, अर्धी बाहेर अशी वाढते. कूळ अडुळशाचं. आपल्याकडे तळ्यांच्या काठी दिसणारा काटेरी, जांभळ्या फुलांचा तालिमखानाही याच हायग्रोफिला प्रजातीतला. त्यामुळे आपलं नळाचं पाणी, आपली उष्णता आणि थोडाफार निष्काळजीपणा हिला चालून जातो.

नव्या टाकीत हिचा उपयोग शोभेपलीकडचा आहे. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो. तो पचवणारे जिवाणू गाळणीत आणि वाळूत पुरेसे वाढायला चार ते सहा आठवडे जातात. तेवढ्या काळात वेगाने वाढणारी वनस्पती अमोनिया थेट खत म्हणून वापरते. मासे वाचतात आणि शेवाळाला मिळणारं खाद्यही कमी होतं. हे काम हळू वाढणाऱ्या अनुबियास किंवा जावा फर्नकडून होत नाही.

टाकी, वाळू आणि उजेड

पुढची सगळी मापं २४ × १२ × १५ इंचांच्या, म्हणजे दोन फुटी टाकीसाठी आहेत. वाळू आणि वरची मोकळी जागा वगळता तिच्यात साधारण ५५ लिटर पाणी राहतं. टाकी लहान-मोठी असेल तर त्या प्रमाणात हिशेब करा.

वाळू २ ते ३ मिलिमीटर दाण्याची घ्या. मागे ६ ते ७ सेंटिमीटर आणि पुढे ३ सेंटिमीटर थर द्यायला १४-१५ किलो लागते. बारीक, पिठासारखी वाळू दाबून बसते आणि मुळं गुदमरतात. फार जाड खड्यांत खोड टिकत नाही, लावलं की वर येतं. आणलेल्या वाळूवर लिंबाचा रस किंवा व्हिनेगरचे थेंब टाकून पाहा. फसफसली तर तिच्यात चुना किंवा शिंपले आहेत आणि पाणी हळूहळू कठीण होत जाईल. अशी वाळू परत करा. चांगली वाळू बादलीत घेऊन धुतलेलं पाणी नितळ येईपर्यंत धुवा. वाळूखाली शेणखत किंवा बागेची माती घालू नका. हायग्रो आपलं बहुतेक अन्न पाण्यातूनच घेते आणि खालच्या खतातून सुटणारा अमोनिया मासे मारतो.

उजेडासाठी महागडा दिवा लागत नाही. घरगुती दोन फुटी, १० वॅटच्या, पांढऱ्या उजेडाच्या (६५०० केल्विन) दोन एलईडी बॅटन पुरतात. एकीचा उजेड सुमारे १००० ल्युमेन असतो, म्हणजे दोन्ही मिळून लिटरमागे साधारण ३५ ल्युमेन. मात्र त्या उघड्या पाण्यावर टांगू नका. टाकीवर काचेचं झाकण ठेवा, वायर प्लगकडे जाण्याआधी एकदा खाली लोंबू द्या म्हणजे ओघळलेलं पाणी प्लगमध्ये शिरणार नाही, आणि पाण्यात हात घालण्याआधी बटण बंद करा.

दिवे टायमरवर लावा. पहिले दोन आठवडे रोज ६ तास, नंतर ७ ते ८. रात्री उशिरापर्यंत टाकी उजळलेली बघायची असेल तर दिवे दुपारी उशिरा सुरू करा, पण तास वाढवू नका. खिडकीतून थेट ऊन पडत असेल तर टाकीची जागा बदला. उन्हाने पाणी हिरवं होतं आणि मग कोणतंही औषध टिकाऊ उपाय ठरत नाही.

पाण्याबाबत हायग्रो हट्टी नाही. पीएच ६.५ ते ८, मऊ-कठीण दोन्ही चालतं, बोअरचंही चालतं. नळाचं पाणी बादलीत २४ तास उघडं ठेवा किंवा अँटीक्लोरीनचे थेंब बाटलीवरच्या मापाने घाला. नुसतं आरओचं पाणी मात्र नको. त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम जवळपास उरलेलंच नसतं, आणि नवी पानं वाकडी, चुरगळलेली येतात.

जुडी निवडताना

मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटपासून तालुक्याच्या गावातल्या मत्स्यालय दुकानापर्यंत हायग्रो जुडीने मिळते. एका जुडीत आठ-दहा काड्या असतात. मागची बाजू नीट भरायला तीन जुड्या, म्हणजे २५ ते ३० काड्या घ्या. पाच-सहा काड्या लावून 'वाढेल हळूहळू' म्हणू नका. रिकाम्या जागेचा ताबा आधी शेवाळ घेतं.

पानं समोरासमोर जोडीने येतात, लांबट, भाल्याच्या पात्यासारखी, २ ते ५ सेंटिमीटरची. खोड दोन बोटांत हलकेच दाबून बघा. ते टणक लागलं पाहिजे. पिचकलं किंवा बोटाला काळपट चिकटा लागला तर ती जुडी सोडा. खालची पानं पिवळी असली तरी चालेल, शेंडा मात्र ताजा हवा. फिकट गुलाबी पानांची, पांढऱ्या शिरांची हायग्रोही मिळते, तिला 'रोझानर्विग' म्हणतात. तिच्या शिरा मुळात पांढऱ्याच असतात, ते पाहून घाबरू नका. तिला उजेड मात्र थोडा जास्त लागतो, नाहीतर रंग उतरतो.

एक फसवणूक टाळा. काही दुकानांत ड्रॅसिना, सिंगोनियम यांसारखी कुंडीतली रोपं पाण्यात बुडवून 'अ‍ॅक्वेरियम प्लँट' म्हणून विकतात. ती महिना-दोन महिने तशीच दिसतात आणि मग सडतात. पान जाड, मेणचट आणि पाण्याबाहेर काढल्यावरही ताठ राहत असेल तर शंका घ्या. पाण्याखाली वाढलेली हायग्रो बाहेर काढताच मलूल होऊन लोंबते.

घरी आणताना काड्या ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून पिशवीत हवा ठेवून बांधा. एप्रिल-मेमध्ये कुरिअरने मागवणं टाळा. तापलेल्या खोक्यात दोन दिवस गेले की पिशवीत हिरवा रस्साच उरतो.

लावण्याआधी

जुडीला शिशाची पट्टी किंवा रबर बांधलेलं असतं. ते पूर्ण काढा. जिथे ते आवळलेलं असतं तिथलं खोड आतून काळं पडलेलं असतं, म्हणून तळाचे २-३ सेंटिमीटर सरळ कापून टाका. स्पंजमध्ये किंवा दगडी लोकरीत (रॉकवूल) खोचलेल्या काड्याही सोडवून घ्या. जुडी तशीच वाळूत खुपसणं ही नवख्यांची सगळ्यात नेहमीची चूक आहे. मधल्या काड्यांना उजेड मिळत नाही, त्या सडतात आणि आठवड्याभरात अख्खा पुंजका तरंगायला लागतो.

गोगलगायी नको असतील तर तुरटी वापरा. एक लिटर पाण्यात छोटा सपाट चमचाभर तुरटीची पूड विरघळवून काड्या दोन ते तीन तास बुडवून ठेवा, मग साध्या पाण्यात दोनदा खळबळून घ्या. पानांच्या मागे जेलीसारखी अंडी दिसली तर ती नखाने खरवडा, कारण अंड्यांवर तुरटीचा भरवसा धरता येत नाही. ब्लीचच्या भानगडीत पडू नका. हायग्रोचं पान त्याने जळतं.

आता काड्या तयार करा. उसाची टिपरी लावताना जसा डोळा मातीत जाईल असं बघतात, तसंच इथे. खालच्या दोन पेरांवरची पानं काढून टाका. पान खेचून ओढू नका, देठाशी कात्रीने कापा. ही उघडी पेरं वाळूत गेली पाहिजेत, मुळं तिथूनच फुटतात. प्रत्येक काडी १० ते १५ सेंटिमीटरची ठेवा. सगळ्यात उंच मागे आणि कोपऱ्यांत.

लावणी

टाकीत अर्ध्यापर्यंतच पाणी भरा. रिकाम्या टाकीत पानं सुकतात, भरलेल्या टाकीत काड्या तरंगून वैताग आणतात. लांब चिमट्याने काडी अगदी खालच्या टोकाला धरा, वाळूत थोडी तिरकी ३-४ सेंटिमीटर खोल घाला, चिमटा सैल सोडून हलवत बाहेर काढा. तिरकी घातल्यामुळे ती उपटून येत नाही, आणि दोन दिवसांत उजेडाकडे स्वतःच सरळ होते.

एका भोकात एकच काडी. दोन काड्यांत ३ सेंटिमीटर अंतर, मागच्या काचेपासून २ सेंटिमीटर सोडून, आणि पुढची रांग मागच्या रांगेच्या फटींत येईल अशी. सुरुवातीला ही लावणी विरळ, केविलवाणी दिसते. तशीच राहू द्या. सगळ्या लावून झाल्या की वाळूवर बशी ठेवा आणि तिच्यावर सावकाश पाणी सोडत टाकी भरा. गाळणी सुरू करताना तिचा झोत थेट काड्यांवर येणार नाही हे बघा.

पहिले पंधरा दिवस : हात आवरा

चौथ्या-पाचव्या दिवशी जुनी पानं पारदर्शक, तपकिरी होऊन गळायला लागतील. बहुतेक जण इथेच घाबरतात आणि काड्या उपटून बघतात. प्रत्यक्षात रोपवाटिकांमध्ये हायग्रो मुळं ओलीत आणि पानं हवेत ठेवून वाढवतात, कारण तशी ती लवकर आणि शेवाळाविना वाढते. हवेतलं पान जाडसर असतं, पाण्याखाली ते निरुपयोगी ठरतं. वनस्पती ते सोडून देते आणि पातळ, मऊ, फिकट हिरवी नवी पानं काढते. म्हणून पानांकडे नव्हे, शेंड्याकडे बघा. शेंडा जिवंत आणि खोड टणक असेल तर सगळं ठीक आहे. गळलेली पानं मात्र रोज जाळीने काढा, ती सडली की अमोनिया वाढतो.

दुसऱ्या आठवड्यात वरच्या पेरांतून पांढऱ्या, दोऱ्यासारख्या मुळ्या पाण्यात सुटलेल्या दिसतील. तो रोग नाही, वनस्पती पाण्यातून अन्न ओढायला लागल्याची ती खूण आहे. काचेवर आणि पानांवर तपकिरी भुकटी जमली तर ती डायटम या सूक्ष्म शेवाळाची, नव्या टाकीत येतेच. बोटाने पुसा. काही आठवड्यांत ती आपोआप थांबते.

या काळात खत घालू नका. दर आठवड्याला ३० टक्के पाणी बदला. मासे आणायचेच असतील तर पाच-सहा गप्पी किंवा झेब्रा डॅनिओ, त्याहून जास्त नाही.

छाटणी हीच खरी लागवड

इथे सविस्तर सांगायला हवं, कारण हायग्रो मरते ती क्वचितच. ती कुरूप होते, आणि ते कात्री न लावल्यामुळे. रुळली की ती आठवड्याला ५ ते १० सेंटिमीटर वाढते. पाण्याच्या पृष्ठभागाला टेकली की आडवी पसरते, खालचा सगळा उजेड अडवते आणि मग खालची पानं गळून नुसत्या काड्या उरतात. वर हिरवं छप्पर, खाली झाडू. हे खताच्या कमतरतेने होत नाही, सावलीने होतं. खत वाढवून ते सुधारत नाही.

शेंडा पृष्ठभागापासून ५ सेंटिमीटरवर आला की पहिली छाटणी करा. काडी वाळूपासून १०-१२ सेंटिमीटरवर, पेराच्या अर्धा सेंटिमीटर वर कापा. त्या पेराच्या दोन्ही पानांच्या बेचक्यांतून एकेक फुटवा येतो, एका काडीच्या दोन होतात. पेराच्या खाली कापलं तर वरचा उघडा तुकडा नुसता सडतो. कात्री धारदार हवी. बोथट कात्रीने खोड चेचतं आणि चेचलेल्या जागेवर शेवाळ धरतं.

सगळ्या काड्या एकाच दिवशी कापू नका. एका आठवड्यात एक तृतीयांश, पुढच्या आठवड्यात दुसरा हिस्सा. एकदम सगळी पानं गेली तर पाण्यातलं खत वापरायला कोणी उरत नाही आणि तीन-चार दिवसांत शेवाळ उठतं. मागच्या कोपऱ्यातल्या काड्या उंच आणि मध्याकडे येताना बुटक्या ठेवल्या की टाकीला खोली आल्यासारखी वाटते.

कापलेले शेंडे टाकून देऊ नका. ते १० ते १२ सेंटिमीटरचे घेऊन रिकाम्या जागी लावा. पहिल्या महिन्या-दीड महिन्यात याच शेंड्यांनी अख्खी मागची भिंत भरते, नव्या जुड्या विकत घ्याव्या लागत नाहीत. तीन-चार छाटण्यांनंतर जुने बुंधे लाकडासारखे, काळपट होतात आणि त्यांवरचे फुटवे बारीक निघतात. तेव्हा बुंधे मुळासकट काढून त्या जागी ताजे शेंडे लावा. उपटताना एका हाताने वाळू दाबून धरा, नाहीतर खालचा सगळा गाळ वर येतो. आणि हे काम पाणी बदलण्याच्या दिवशीच करा.

खत आणि पानं वाचणं

तिसऱ्या आठवड्यापासून खत सुरू करा. मत्स्यालयाचं तयार द्रवखत चालतं, पण महाराष्ट्रात त्याहून स्वस्त सोय जवळ आहे. कृषी सेवा केंद्रात ठिबकसाठी मिळणारी विद्राव्य खतं रसायन म्हणून तीच असतात : १३:००:४५ म्हणजे पोटॅशियम नायट्रेट, ००:५२:३४ म्हणजे मोनोपोटॅशियम फॉस्फेट आणि ००:००:५० म्हणजे पोटॅशियम सल्फेट.

५५ लिटरसाठी आठवड्याला एकदा, पाणी बदलल्यावर : १३:००:४५ अर्धा ग्रॅम, ००:००:५० एक ग्रॅम आणि ००:५२:३४ ग्रॅमचा फक्त दहावा भाग. यातून पाण्यात लिटरमागे साधारण ५ मिलिग्रॅम नायट्रेट, ११-१२ मिलिग्रॅम पोटॅशियम आणि सव्वा मिलिग्रॅम फॉस्फेट जातं. इतकं कमी वजन दर वेळी मोजणं कटकटीचं, म्हणून द्रावणं करून ठेवा. २०० मिली पाण्यात १० ग्रॅम १३:००:४५ विरघळवलं की त्याचे १० मिली म्हणजे अर्धा ग्रॅम. २०० मिलीत १० ग्रॅम ००:००:५०, त्याचे २० मिली म्हणजे एक ग्रॅम. २०० मिलीत २ ग्रॅम ००:५२:३४, त्याचे १० मिली पुरे. बाटल्यांवर नावं लिहा आणि मुलांच्या हाताला लागणार नाहीत अशा ठेवा.

टाकीत मासे बरेच असतील आणि खाद्यही रोज पडत असेल तर नायट्रेट आणि फॉस्फेट निम्मं करा, पोटॅशियम तेवढंच ठेवा. माशांच्या विष्ठेतून पहिली दोन मिळतात, पोटॅशियम पुरेसं मिळत नाही. १९:१९:१९ आणि युरिया मात्र टाकीत कधीही घालू नका. त्यांतला नत्र अमोनियाच्या वाटेने जातो आणि सकाळी मासे पालथे दिसतात.

लोह आणि सूक्ष्म अन्नद्रव्यांसाठी मत्स्यालयाचंच द्रव घ्या, बाटलीवरच्या मापाच्या निम्म्याने सुरुवात करा. शेतीच्या सूक्ष्म मिश्रणांत तांबं आणि जस्त बरंच असतं, ते कोळंब्यांना घातक आहे. लोह फॉस्फेटच्या दिवशी नको, दुसऱ्या दिवशी घाला. दोन्ही एकत्र आली की साका बसतो आणि पैसे वाळूत जातात. बोअरच्या, ७ पीएचच्या वरच्या पाण्यात ईडीटीए (लोह विरघळलेलं ठेवणारं एक रसायन) जोडलेलं लोह लवकर सुटून वाया जातं, तिथे डीटीपीए लिहिलेलं लोह घ्या.

मग पानं वाचायला शिका. नायट्रोजन आणि पोटॅशियम वनस्पती जुन्या पानांतून काढून नव्यांना देऊ शकते, लोह देऊ शकत नाही. म्हणून आधी बघायचं ते दुखणं खालच्या पानांवर आहे की शेंड्याला. जुन्या पानांवर टाचणीने टोचल्यासारखी छिद्रं, कडेने पिवळेपणा, मग भोकं मोठी होत जाणं : पोटॅशियम कमी. हायग्रोवर हे इतकं स्पष्ट उमटतं की तिच्याकडे बघून बाकीच्या टाकीचा अंदाज घेता येतो. जुनी पानं सबंध पिवळी पडून गळत असतील आणि नवी पानं लहान निघत असतील तर नायट्रेट कमी. शेंड्याची पानं फिकट, जवळपास पांढरी आणि शिरा तेवढ्या हिरव्या : लोह कमी. पानं हिरवीच, पण पेरांमधलं अंतर तीन-चार सेंटिमीटर आणि काडी लांबुडकी : उजेड कमी.

खराब झालेलं पान खत दिल्यावर सुधारत नाही, सुधारणा नव्या पानांत दिसते. म्हणून एका वेळी एकच गोष्ट बदला आणि दहा-बारा दिवस थांबून नवी पानं बघा.

कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर हायग्रोला लागत नाही. तो लावला तर वाढ दुप्पट आणि छाटणीही दुप्पट.

उन्हाळा, मासे आणि उरलेल्या काड्या

२२ ते २८ अंश तिला सगळ्यात मानवतात. विदर्भात किंवा खानदेशात मे महिन्यात पाणी ३२ च्या वर गेलं की पानं विरघळायला लागतात आणि पाण्यातला प्राणवायूही घटतो. झाकण थोडं सरकवून पाण्यावर छोटा पंखा सोडा. बाष्पीभवनाने दोन-तीन अंश उतरतात. आटलेलं पाणी रोज भरा, उजेड ६ तासांवर आणा, खतं निम्मी करा. थंडीत पाणी १८ पर्यंत आलं तर वाढ मंदावते, तेव्हाही खत निम्मं.

गोल्डफिश, सिल्व्हर डॉलर आणि मोठ्या अ‍ॅपल स्नेल गोगलगायी हायग्रो चक्क खातात. टेट्रा, रासबोरा, चेरी बार्ब, गप्पी तिला हात लावत नाहीत.

महिन्याला मूठ-दोन मुठी काड्या उरतील. त्या ओढ्यात, नाल्यात किंवा गावच्या तळ्यात सोडू नका. अमेरिकेत हीच हायग्रो मत्स्यालयांतून सुटून फ्लोरिडाच्या कालव्यांत माजली आणि तिथल्या केंद्र सरकारला तिचं नाव घातक तणांच्या यादीत घालावं लागलं. आपल्याकडे ती देशी असली तरी जुडीबरोबर परदेशी गोगलगायी आणि इतर वनस्पतींचे तुकडे जातात. उन्हात कडकडीत वाळवा आणि कुंडीत खत म्हणून वापरा.

काही काड्या मात्र राखीव ठेवा. उथळ पसरट भांड्यात ५ सेंटिमीटर माती, ती कायम चिखलासारखी ओली, त्यात काड्या आडव्या दाबून वर दोन आठवडे पातळ प्लास्टिक. रोज प्लास्टिक थोडं अधिक उघडत न्या म्हणजे पानं हवेला सरावतात. खिडकीतल्या सावलीत ही हायग्रो पाण्याबाहेर वाढते, पानांच्या बेचक्यांत बारीक फिकट फुलंही धरते, आणि टाकीत कधी काही बिघडलं तर लावायला काड्या घरातच असतात.